देवीचा पंचनामा

लोणावळ्यात आषाढ लागला म्हणजे चपला, पुस्तके, लोणची आणि मनुष्यस्वभाव या सर्वांवर सारखीच बुरशी चढते; अशा हवेत एखादी शोभेची वस्तू पिढ्यान्‌पिढ्या मूळचे तेज राखून उभी असलेली आढळली, तर ती चिनी मातीची असली पाहिजे, असे खुशाल समजावे. पितळ काळवंडते, लाकूड फुगते, तसबिरींतील पूर्वजांच्या मुद्रेवर पांढरे डाग उमटून त्यांचा करारीपणा नाहीसा होतो. परंतु भट्टीतून तावूनसुलाखून निघालेल्या त्या नाजूक बाहुलीवर पर्जन्याचा यत्किंचितही अंमल चालत नाही. तिला भय असते ते केर काढणाऱ्या हाताचे.

बोरघाटातून १८६३ साली आगगाडी वर चढू लागली, तेव्हापासून मुंबईच्या धनिकांनी खंडाळा-लोणावळ्याच्या टेकड्यांवर जे बंगले उठवले, त्यांच्या दिवाणखान्यांत असल्या बाहुल्यांची वस्ती माणसांच्या वस्तीहून दाट होती. पुढे बंगल्यांचे मालक बदलले, खरेदीखतांत ‘सामानसुमानासह’ असा मोघम तपशील पडला, आणि तेवढ्याच आधारावर कितीतरी झगेवाल्या युवती, कुत्री कुरवाळणाऱ्या मडमा आणि पावा वाजवणारे मेंढपाळ मराठी कुटुंबांच्या पदरी आले. ज्या बंगल्याची हकीकत मी सांगणार आहे, तेथील असला एक मेंढपाळ कित्येक वर्षे गोकुळाष्टमीला पाळण्यात बसत असे. हाती पावा होता, पायाशी जनावर होते. आता त्या मेंढराला गाय मानावयास किंचित श्रद्धा लागे आणि त्याच्या गुडघ्यापर्यंतच्या तंग विजारीला पीतांबर मानावयास थोडी अधिक, हे खरे. परंतु ज्या घरात सुंठवड्याचा दरवळ सुटलेला आहे, तेथे विजारीकडे पाहतो कोण?

याबद्दल त्या कुटुंबाला कोणी हसू नये. इंग्लंडातील स्टॅफर्डशायर परगण्यातील कुंभारांनी बेंजामिन फ्रँकलिन याचा पुतळा घडवून त्याच्या पायथ्याशी सोनेरी अक्षरांत ‘वॉशिंग्टन’ असे नाव घातले, आणि तो माल विनातक्रार खपला. ज्याने घडवला त्यालाच जेथे विषयाचा पत्ता नाही, तेथे लोणावळ्याच्या गृहिणीने मेंढपाळाचा मुरलीधर केला, तर तिने मूर्तीला बढतीच दिली म्हणावयाची.

या विषयाचे खरे शास्त्र आम्हांला शिकवले ते पुण्याहून आलेल्या एका स्नेह्यांनी. त्यांना आपण ‘पारखी’ म्हणू. कारण त्यांच्या खिशात नेहमी एक भिंग असते, आणि ज्याच्याकडे जेवावयास जातात त्याची बशी ते भात वाढण्यापूर्वी पालथी करून पाहतात. त्यांच्या मते बाहुलीचे तोंड ही सर्वांत निरुपयोगी वस्तू होय. तोंडावर भुलतात ते अडाणी. जाणत्याने पाहावयाचा तो तळ. कारण कारखान्याचा शिक्का तळावर असतो, साच्याचा क्रमांक तळावर दाबलेला असतो, रंगाऱ्याचा अंक तळावरच कुंचल्याने काढलेला असतो, आणि आतील हवा भट्टीत फुगून मूर्ती फुटू नये म्हणून ठेवलेले भोकही बहुधा तळालाच असते. मग त्यांनी आम्हांला सॅक्सनीचा इलेक्टर आणि पोलंडचा राजा ऑगस्टस याची कथा सांगितली. या राजाला सोन्याचा आणि चिनी भांड्यांचा असा दुहेरी हव्यास होता. सोने करून दाखवतो अशी बढाई मारणारा बोटगर नावाचा पोरसवदा किमयागार त्याच्या हाती लागला, तेव्हा राजाने त्याला कैदेत टाकून कामाला जुंपले. सोने काही झाले नाही, परंतु १७०८ च्या सुमारास युरोपात तोवर कोणालाही न साधलेली ती पांढरी कठीण माती मात्र साधली, आणि १७१० साली माइसेनच्या गडावर कारखाना उभा राहिला. याच राजाने १७१७ साली आपले सहाशे घोडेस्वार प्रशियाच्या राजाच्या स्वाधीन केले आणि मोबदल्यात १५१ चिनी भांडी घेतली. घोडेस्वारांच्या जबान्या कोणी घेतल्या असत्या, तर आपण चौघे मिळून एका बरणीच्या भावाने गेलो, हे ऐकून त्यांना काय वाटले असते, याचा विचार माझ्या मनातून अजून जात नाही.

माइसेनचा शिक्का म्हणजे निळ्या रंगातल्या दोन आडव्यातिडव्या तलवारी. “मग सोपे आहे!” असे आमचे यजमान उद्गारले, कारण त्यांच्या मेंढपाळाच्या बुडाशी नेमक्या त्याच होत्या. पारख्यांनी दयार्द्र दृष्टीने त्यांच्याकडे पाहिले. तलवारी आहेत म्हणूनच शंका घ्यावयाची, असे त्यांचे म्हणणे. पॅरिसमध्ये १८४५ साली सॅम्सन नावाच्या गृहस्थाने जो कारखाना काढला, त्याचा मुख्य उद्योग जुन्या नामांकित वस्तूंच्या नकला करण्याचा, आणि माइसेनच्या तलवारींशी जुळतील अशा खुणा त्याच्या मालावर बेताबेताने काढलेल्या असत. शिवाय मूळ बाहुलीवरून साचा घेऊन नक्कल काढली, तर भट्टीत माती आकसून ती मूळ वस्तूहून सुमारे सहाव्या हिश्शाने लहान निघते. म्हणून शहाणा ग्राहक शिक्का वाचीत बसत नाही, तो फूटपट्टी लावतो. यजमानांनी आपल्या मुरलीधराकडे असे काही पाहिले, की तो बिचारा खरोखरच सहाव्या हिश्शाने लहान झाला.

परंतु पारखी लोणावळ्यास आले होते ते मेंढपाळासाठी नव्हे. त्यांना बोलावणे होते ते देवघरातल्या मूर्तीसाठी.

ही मूर्ती वीतभर उंचीची, चिनी मातीची आणि देवीची होती, येथपर्यंत घरात एकमत होते. तीही बंगल्याबरोबरच आली. मात्र खरेदीनंतर पहिल्याच दिवशी यजमानांच्या आत्याबाईंनी तिला मडमांच्या पंक्तीतून उचलले, स्नान घातले आणि देवघरात बसवले. तिला चार हात होते, म्हणजे एके काळी असावेत; आता कोपरापासून पुढे काही नव्हते. पारखी म्हणाले की याचे कारण अगदी साधे आहे: असल्या मूर्ती पातळ केलेली माती प्लास्टरच्या साच्यात ओतून करतात, धड एका साच्यात निघते, हात निराळ्या साच्यात निघतात, आणि मग ओल्या मातीनेच ते सांधतात, तेव्हा पहिला प्रसंग येताच जे तुटावयाचे ते हातच. आत्याबाईंनी यावर एवढेच विचारले, “तुटले तर तुटले. पण ते हात गेले कुठे?” या प्रश्नाला शास्त्रात उत्तर नव्हते.

आणि खरी अडचण तेथूनच सुरू झाली. देवीच्या हातात काय होते, यावर देवी कोण हे ठरते. वीणा असेल तर सरस्वती, कमळे असतील तर लक्ष्मी, खड्ग असेल तर आणखी कोणी. आपल्या देवतांचे हात हीच त्यांची सनद होय. ती सनदच गहाळ झाल्यावर कुळाचा निवाडा करावयाचा कसा? पारख्यांचे उत्तर तयार होते: तळ पाहावा.

“पाहू द्या की,” आत्याबाई म्हणाल्या.

“त्यासाठी मूर्ती पालथी करावी लागेल.”

आत्याबाईंच्या हातातील फुलवात तशीच राहिली. “अहो, देवीला पालथी?”

पारखी हा तसा भिडस्त गृहस्थ. परंतु शास्त्राच्या नादात माणसाचे भान सुटते. पालथी करणे मान्य नसेल, तर निदान अंगावर नखाने टिचकी मारू द्यावी, कारण अस्सल माती खणखणीत वाजते, असे ते म्हणाले. आणि तेही मान्य नसेल, तर जेथे लेप नाही अशा एखाद्या कोपऱ्याला जिभेचे टोक लावू द्यावे, कारण कच्ची सच्छिद्र माती जिभेला चिकटते आणि अस्सल चिनी माती चिकटत नाही. आत्याबाई सोवळ्यात होत्या. त्यांनी क्रमाने पालथे घालणे, टिचकी आणि उष्टे करणे अशी ती तीन कलमे ऐकून घेतली, आणि मग भाच्याकडे वळून विचारले, “अरे, हे गृहस्थ जेवून जाणार आहेत का?” त्या प्रश्नात आतिथ्य किती आणि हद्दपारीचा हुकूम किती, हे यजमानांसही नक्की कळले नाही.

मार्ग निघाला तो तळेगावच्या गुरुजींकडून. नवरात्राच्या आधीचे काही कृत्य सांगावयास ते त्या दिवशी आलेच होते. त्यांनी दोन्ही पक्षांचे म्हणणे ऐकले आणि शांतपणे निवाडा दिला: मूर्तीत देवत्व असते ते आवाहनाने; उत्तरपूजा करून, अक्षता वाहून, मूर्ती किंचित हलवली की देवत्व गेले, उरली ती माती. त्या मातीला मग पालथे घाला, टिचकी मारा, ज्याचे त्याला जे रुचेल ते करा. काम झाल्यावर स्नान घालावे, पुन्हा आवाहन करावे, पूर्ववत पूजा चालू. आपल्या धर्मशास्त्रात पुराणवस्तुसंशोधनाची इतकी उत्तम सोय करून ठेवलेली आहे, याची त्या क्षणापर्यंत मला कल्पना नव्हती. युरोपातील मोठमोठ्या संग्रहालयांनाही ती लाभलेली नसावी. गुरुजींनी एकच अट घातली की सायंकाळच्या लोकलने त्यांना परतावयाचे असल्यामुळे मधला काळ शक्य तितका थोडा असावा.

उत्तरपूजा झाली. आत्याबाईंनी पदर डोळ्यांना लावला. पारख्यांनी दोन्ही हातांनी ती माती उचलली आणि अखेर पालथी केली.

तळावर काही दिसेना. कित्येक वर्षांचे हळद-कुंकू, तेल, पंचामृत आणि गंध यांचा तेथे असा एक थर बसला होता, की त्याला भूस्तरशास्त्रातच नाव सापडावे. कोमट पाणी आले, जुना मऊ दातघासणीचा ब्रश आला, आणि पारखी श्रावणी शुक्रवारचे थर एकामागून एक खरवडीत खाली निघाले. मध्येच त्यांनी दुःखाने उद्गार काढला, की मूर्तीचे सोनेरी काम रोजच्या स्नानाने झिजले आहे. मातीवरचे सोने भट्टीत वरवर बसवलेले असते, आणि चोळण्याने जाते. “सोनं देवीच्याच अंगाला लागलं ना?” आत्याबाई म्हणाल्या. शेवटी भोक मोकळे झाले, त्याच्या कडेला मातीत दाबलेला एक चार आकडी क्रमांक निघाला, आणि त्याखाली, अर्धवट पुसलेले परंतु निःसंशय, तीन रोमन अक्षरी शब्द निघाले: ‘मेड इन जर्मनी’.

बंगल्यात विलक्षण शांतता पसरली. कोणत्याही घराण्याला आपली कुलदेवता जर्मनीची निघाली हे एकदम पचत नाही.

पारख्यांना मात्र आनंदही झाला आणि चीडही आली. आनंद अशासाठी, की १८८७ साली इंग्लंडने आणि १८८९ साली हिंदुस्थान सरकारने मालाच्या शिक्क्यांसंबंधी जे कायदे केले, त्यांच्या धाकाने परमुलखातल्या कारखानदारांना आपल्या मालावर देशाचे नाव घालावे लागले. तेव्हा मूर्ती त्या काळानंतरची, हे बहुतेक ठरले. इंग्रजांनी हा शिक्का जर्मन मालाची अब्रू जावी म्हणून लादला आणि गिऱ्हाइकाने तोच उत्तम मालाचा दाखला मानला, हा त्या कायद्याचा इतिहास; सरकारी हुकुमाचा असा उलटा परिणाम झालेला पाहण्यात प्रजेला जे सुख असते, ते मीही उपभोगले. चीड अशासाठी, की कायद्याने देशाचे नाव मागितले होते, कारखान्याचे नव्हे. म्हणून कारखानदाराने देश सांगितला आणि स्वतः पडद्याआड राहिला. दोन हजार वर्षांपूर्वी कार्ल्याच्या चैत्याचे प्रवेशद्वार ज्याने घडवले, तो धेनुकाकटाचा सामी नावाचा सुतार आपले नाव दगडात कोरवून गेला. त्याच्या आसपासच्या खांबांवर कोणी कोणता खांब दिला हे दात्यांनी लिहून ठेवले, त्यांत यवनदेखील आहेत. आणि कालपरवाच्या या जर्मन गृहस्थाने मात्र मावळात देवी पाठवली ती निनावी. मला स्वतःला सामी सुतार अधिक सुसंस्कृत वाटतो.

“म्हणजे कर्त्याचा पत्ता नाही,” यजमान म्हणाले. “निदान देवी कोण ते तरी सांगा.” गुरुजींनी घड्याळाकडे पाहिले. आवाहन नावाने करावे लागते, हे त्यांनी आठवण म्हणून सांगितले.

आता येथे पारख्यांचा तळ संपला आणि आमचे तोंड सुरू झाले, कारण तोंड पाहून देवी ओळखण्यात मराठी माणसाला जर्मनाची शिकवणी नको. देवघराच्या भिंतीवर दोन जुन्या तसबिरी होत्या, रविवर्म्याच्या लक्ष्मीची एक आणि सरस्वतीची एक. आणि मूर्तीचा चेहरा त्या दोघींच्या चेहऱ्यांशी इतका जुळत होता, की पारख्यांनीसुद्धा भिंग बाजूला ठेवले. मग त्यांनीच सांगितले की हा योगायोग नव्हे; जर्मनीतील कारखान्यांनी हिंदुस्थानच्या बाजारासाठी आपल्या देवदेवतांच्या मूर्ती काढल्या त्या रविवर्म्याच्या छापील चित्रांवरून, आणि अशा मूर्ती बंगालपासून चेट्टिनाडपर्यंतच्या श्रीमंत घरांत जाऊन बसल्या. आणि ती छापील चित्रे कोठली? १८९४ साली मुंबईत निघालेला रविवर्म्याचा छापखाना प्लेगच्या धामधुमीनंतर हलला तो मळवलीस, म्हणजे लोणावळ्याहून पुण्याकडे जाताना लागणाऱ्या पहिल्याच स्टेशनावर. यंत्रे जर्मन, कारागीर जर्मन. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी श्लायशर नावाच्या जर्मन तंत्रज्ञाने तो छापखाना विकतच घेतला. दादासाहेब फाळक्यांनी सिनेमाच्या नादी लागण्यापूर्वी १९०८ च्या सुमारास लोणावळ्यात छपाईचा जो धंदा मांडला, तोही याच छापखान्याच्या कामावर. १९७२ च्या आगीत तो छापखाना गेला. परंतु आपल्याकडे लक्ष्मी म्हटले की डोळ्यांपुढे जी उभी राहते, ती अजून मळवलीचीच असते.

तेव्हा देवीचे माहेर मळवली आणि सासर जर्मनी, असा उलगडा झाला. आगबोटीने मुंबईस उतरून, बोरघाट चढून, माहेर एक स्टेशनावर राहिले असताना ती लोणावळ्यास थांबली. हे ऐकताच आत्याबाईंच्या मुद्रेवर प्रथमच समाधान दिसले. जर्मनीची सून त्यांना परकी होती. मळवलीची लेक परकी नव्हती. गुरुजींना मात्र स्वदेशीची आठवण झाली. “आमच्या तळेगावात लोकांनी पैसा पैसा जमवून १९०८ साली पैसा फंडाचा काचकारखाना काढला, लोकमान्यांचा त्याला पाठिंबा,” ते म्हणाले, “आणि इकडे देव मात्र बोटीतून येत होते!”

परंतु माहेर कळले, नाव कळेना. मूर्ती बसलेली आहे. रविवर्म्याची सरस्वती बसते, लक्ष्मी उभी असते. म्हणून यजमान सरस्वतीच्या बाजूचे. आसन कमळाचे आहे. सरस्वती बसते ती शिळेवर, कमळ लक्ष्मीचे. म्हणून आत्याबाई लक्ष्मीच्या बाजूच्या. कमळाशेजारी कोणा पक्ष्याचे नुसते दोन पाय उरले होते. ते मोराचे मानले तर सरस्वतीचे पारडे जड, आणि घुबडाचे मानले तर लक्ष्मीचे. लुगडे पांढरे, म्हणजे सरस्वती. परंतु पाठीमागच्या निऱ्यांत कोठे कोठे गुलाबी छटा राहिली होती, म्हणजे मूळची लक्ष्मी, आणि पांढरेपणा रोजच्या स्नानाचा. वहिनींनी मध्येच ते पाय हंसाचे ठरवून दमयंतीचे नाव पुढे केले. परंतु दमयंतीला चार हात असते, तर पाच नळांपुढे ती एकच माळ घेऊन अशी बुचकळ्यात पडली नसती, या मुद्द्यावर तो अर्ज फेटाळण्यात आला. बागकाम करणारा भाज्याचा म्हातारा उंबऱ्याशी उभा होता, त्यालाही साक्षीस घेतले. त्याने मूर्तीकडे पाहिले, आम्हां सर्वांकडे पाहिले आणि म्हणाला, “जुनं काम हाय सायब. पांडवांच्या येळचं आसंल.”

आम्ही हसलो, पण तो ज्या गावचा आहे, त्या गावच्या लेण्यात विद्वानांनी काय केले आहे? तेथे विहाराच्या भिंतीवर एक रथारूढ पुरुष कोरला आहे आणि एक गजारूढ. कित्येकांनी त्यांना सूर्य आणि इंद्र ठरवले; दुसऱ्या काहींनी दोन्ही चित्रे मांधाता राजाच्या बौद्ध कथेतली आहेत असे प्रतिपादले; आणि तेथेच एक स्त्री वाद्य वाजवीत आहे, ते तबला असल्याचे सांगून दोन हजार वर्षांपूर्वी तबला होता हे सिद्ध करणारेही पुष्कळ आहेत. त्या मूर्तींचे तर बव्हंशी हातपाय शाबूत आहेत. मग आमच्या हात तुटलेल्या देवीसाठी पांडवांना बोलावले, तर त्यात फार काही बिघडले असे मला वाटत नाही.

पारख्यांनी वहीत ‘कर्ता: अज्ञात, जर्मनी’ असे लिहिले, ‘विषय’ असे लिहून पुढे पेन्सिल धरून ते बसले, आणि बसूनच राहिले. गुरुजी उठले. लोकलला अर्धा तास उरला होता, देवी अद्याप माती होती, आणि सायंकाळी देवघरात माती बसलेली आत्याबाईंना चालणार नव्हती.

“काय नाव घेऊ?” गुरुजींनी विचारले.

“महाकाली, महालक्ष्मी, महासरस्वती,” आत्याबाई म्हणाल्या. “तिन्ही घ्या. हात नाहीत तर कुणाची हरकत येणार आहे? शुक्रवारी लक्ष्मी, दसऱ्याला सरस्वती, आणि घरात कुणी फार तळ पाहू लागलं तर काली.”

पारख्यांनी भिंग खिशात घातले. गुरुजींनी पाण्याचा तांब्या पुढे ओढला, आसनावर बसता बसता बोटांवर काही हिशेब केला, आणि यजमानांकडे पाहून अत्यंत सौम्य स्वरात म्हणाले, “तीन आवाहने म्हणजे दक्षिणाही तीन होतील. उत्तरपूजेची निराळी.”